‘हंप’वर पडलेली विमानं

युद्धात विमान पडलं की ते शत्रूनंच पाडलं असणार, असं बहुतेकांना वाटतं. दुसऱ्या महायुद्धाचा हिशेब वेगळं सांगतो. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची जवळजवळ १५,००० माणसं खुद्द अमेरिकेत, प्रशिक्षणाच्या आणि ने-आणीच्या उड्डाणांत गेली. आणि आपल्या आसामातून चीनला जाणाऱ्या ‘हंप’च्या हवाई मार्गावर साडेतीन वर्षांत सुमारे ६०० विमानं आणि हजाराहून जास्त माणसं गेली. त्यांतली जपान्यांनी पाडलेली थोडी. बाकीच्यांच्या मुळाशी बर्फ होता, ढग होते, थकवा होता, गळक्या टाक्या होत्या आणि वरून आलेले घाईचे हुकूम होते.

मी भारतीय हवाई दलात इंजिन फिटर होतो. सत्तरच्या दशकात जोरहाटला डकोटा विमानांवर काम केलं. त्यांचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं, चौदा सिलिंडरांचं ‘ट्विन वास्प’. हंपवर पहिल्यांदा गेलेल्या सी-४७ विमानांनाही तेच. जोरहाट, छाबुआ, मोहनबारी, सुकेरेटिंग, दिंजान, तेजपूर हे सगळे हंपचे तळ. त्यामुळे या इतिहासाकडे मी शिडीवर उभं राहून, काउलिंग म्हणजे इंजिनावरचं झाकण उघडून बघतो. वैमानिकांनी आपल्या आठवणी लिहिल्या. खालच्या माणसांचं कोणी फारसं लिहिलं नाही.

एप्रिल १९४२ च्या अखेरीस जपान्यांनी लाशिओ घेतलं आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता बंद झाला. चीनच्या च्यांग कै-शेकच्या फौजांना पेट्रोल, दारूगोळा, औषधं पोचवायची तर आकाशाशिवाय वाट उरली नाही. आसामच्या खोऱ्यातून उडायचं आणि सुमारे ८०० किलोमीटरवरच्या कुनमिंगला उतरायचं. मध्ये आधी पटकाईची रांग, मग इरावती, साल्विन, मेकाँग या नद्यांच्या दऱ्या आणि त्यांच्यामधले १५,००० फुटांचे डोंगर. ब्रह्मदेशातल्या मिचीनाचा तळ जपान्यांकडे असल्यामुळे त्यांच्या लढाऊ विमानांना चुकवायला आणखी उत्तरेला, म्हणजे आणखी उंच डोंगरांवरून जावं लागे.

हे तळ उभे केले ते चहाच्या मळ्यांतल्या मजुरांनी. बायकांनी दगड फोडले, टोपल्यांनी वाहिले. पेट्रोलची पिंपं चढवायला काही ठिकाणी हत्ती होते. दिवसा विमानाचा पत्रा इतका तापे की हात लावता येत नसे, म्हणून मेकॅनिक रात्री दिव्यांखाली काम करत. पावसाळ्यात मे ते ऑक्टोबर सगळं पाण्याखाली. तिथल्या उन्हात आणि तिथल्या पावसात मी पाने हातात धरलेले आहेत. चांगल्या हँगरमध्ये, पुरेशी झोप झालेली असताना जे काम तासात होतं, त्याला तिथं तीन तास लागतात आणि शेवटच्या तासात लक्ष उडतं.

एक साधी गोष्ट सांगतो. असं गोल इंजिन रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टनला वर यायला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहाटे दोघातिघांनी प्रोपेलरची पाती हातांनी ओढून इंजिन फिरवून घ्यायचं. अडलं तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून तेल सोडायचं. कंटाळवाणं काम. पण ते टाळलं आणि रॉड जरासा वाकला, तर तो तिथल्या तिथं तुटतोच असं नाही. काही तास चालतो आणि मग डोंगरावर तुटतो. आम्ही हे करून देखभालीच्या फॉर्म ७०० वर सही केल्याशिवाय विमान हलत नसे. हंपवर १९४३ साली सुटे भाग नव्हते, माणसं अपुरी होती आणि दर महिन्याचं टनांचं लक्ष्य वाढत होतं. अशा वेळी पहिली काट बसते ती असल्याच कामांना.

दुसरी गोष्ट बर्फाची. पंखांवर साचणारा बर्फ सगळ्यांना माहीत असतो, कार्ब्युरेटरमधला दिसत नाही. हवा अरुंद गळ्यातून जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान झपकन उतरतं. हवा ओली असेल तर बाहेर पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. बंगालच्या उपसागरावरून येणारी ओली हवा त्या डोंगरांवर उत्तरेच्या थंड हवेला भिडते. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

१९४३ च्या उन्हाळ्यात सी-४६ ‘कमांडो’ आलं. सी-४७ पेक्षा कितीतरी मोठं, जास्त माल नेणारं, जास्त उंच जाणारं. पण पुरतं तपासून होण्याआधीच ते युद्धात ढकललं होतं. कारखान्यात शेकडो फेरफार करावे लागले. मे १९४३ ते मार्च १९४५ या काळात सी-४६ ला हवेत आग लागल्याच्या किंवा स्फोट झाल्याच्या ३१ घटनांची नोंद झाली. पंखातल्या जोडांमधून पेट्रोल गळे, पंखाला हवा खेळायला वाट नसे, वाफ मुळाशी साचे आणि एका ठिणगीत सगळं संपे. हा दोष कागदावरच्या रचनेतला. त्यात वैमानिकाची चूक नव्हती आणि फिटरचीही नव्हती. सी-१०९ ही तर बॉम्बफेकी विमानातून बनवलेली उडती टाकीच. भरलेली टाकी घेऊन समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवरच्या चिनी धावपट्टीवर उतरताना ती सावरत नसे.

आता हुकमांकडे वळतो, कारण मला सगळ्यात जास्त राग त्यांचा येतो. वैमानिकांतले बरेच जण नवशिके, एका इंजिनाच्या विमानावर शिकलेले. १९४३ च्या अखेरीस रात्रीची उड्डाणं सुरू झाली. यापुढे हंपवर ‘हवामान’ नावाची गोष्ट नाही, अशा अर्थाचा हुकूम तेव्हा हंपचा कारभार बघणारे कर्नल टॉम हार्डिन यांच्या नावावर सांगितला जातो. मालाचे आकडे वाढले हे खरं. पण जानेवारी १९४४ मध्ये दर हजार उड्डाण-तासांमागे १.९७ अपघात होत होते. दर दोनशे फेऱ्यांमागे एक विमान. चीनला पोचवलेल्या दर हजार टनांमागे तीन अमेरिकन माणसं.

त्यात घरी परतण्याचा नियम असा की ६५० तास उडवले की सुट्टी. विशीतली पोरं ती, घरची ओढ लागलेली. कोणी महिन्याला १६५ तासांपर्यंत उडवून चार महिन्यांत हिशेब पुरा करत. लष्करी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा निम्मे वैमानिक थकव्यानं ग्रासलेले निघाले. झोप न झालेला माणूस रात्री, ढगात, डोंगरावर. नियम करणाऱ्याला हे आधी दिसायला हवं होतं.

ज्यांना पॅराशूटनं उडी मारता आली, त्यांतले पुष्कळ वाचले. जवळपास १,२०० जण शोधून आणले गेले किंवा स्वतः चालत परत आले. २ ऑगस्ट १९४३ ला छाबुआहून निघालेल्या सी-४६ चं डावं इंजिन बंद पडलं. आतल्या २१ जणांत सीबीएसचे बातमीदार एरिक सेव्हराइड होते. २० जण नागा डोंगरांत जिवंत उतरले, सहवैमानिक गेला. डॉक्टर डॉन फ्लिकिंजर दोन सहकाऱ्यांसह त्यांच्यासाठी पॅराशूटनं खाली उतरले. पांग्शा परिसरातल्या नागांनी त्यांना आसरा दिला. याच पांग्शावर १९३६ साली ब्रिटिशांची मोहीम जाऊन गाव जाळून आली होती. मोकोकचुंगचा ब्रिटिश अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबती घेऊन पोचला आणि सगळे पायी बाहेर आले. पुढे कॅप्टन ‘ब्लॅकी’ पोर्टर यांनी छाबुआला शोधपथक बांधलं, तेही डिसेंबर १९४३ मध्ये शोधमोहिमेवर असताना मारले गेले. त्यांचं विमान मात्र जपान्यांनीच पाडलं.

सप्टेंबर १९४४ मध्ये हंपचे प्रमुख म्हणून जनरल विल्यम टनर आले. त्यांनी पहिल्यांदा प्रत्येक अपघाताचं कारण शोधून कागदावर आणायला लावलं. ६५० तासांचा नियम मोडून ७५० तास आणि किमान एक वर्ष, असा केला. लवकर परतायची शर्यतच संपली. पोरांनी शिव्या दिल्या, पण ती जगली. देखभालीची पद्धतही बदलली: विमान एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर ओढत न्यायचं, प्रत्येक ठाण्यावर ठरलेल्या तपासण्या, ठरलेली माणसं. एकेका विमानाची देखभाल सांभाळणाऱ्या जुन्या क्रू चीफना हे रुचलं नाही. ‘माझं विमान’ ही भावना गेली. मला त्यांचं दुःख कळतं, कारण आपल्या हाताखालच्या विमानावर जीव जडतोच. तरीही टनरचंच बरोबर होतं. एका माणसाला सगळं जमणं आणि तो रोज ताजातवाना असणं, हे युद्धात शक्य नसतं.

टनर यांना काळानंही साथ दिली, हे मान्य करायला हवं. मे १९४४ मध्ये मिचीनाचा विमानतळ आणि ऑगस्टमध्ये शहर परत मिळालं, त्यामुळे दक्षिणेची, कमी उंचीची वाट खुली झाली. चार इंजिनांची सी-५४ विमानं आली. जानेवारी १९४५ मध्ये, ६ आणि ७ तारखेच्या मधल्या रात्री, भयंकर वादळ झालं आणि कित्येक विमानं हरवली. तरीही त्या महिन्याचा अपघातांचा दर होता हजार तासांमागे ०.३०१. वर्षभरात सहा पटींहून जास्त घट. माल मात्र कमी झाला नाही. जुलै १९४५ मध्ये ७१,००० टन चीनला पोचले, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. जीव वाचवले तर लढाई मागे पडते, हा युक्तिवाद तिथंच खोटा ठरला.

या ताफ्याचं आपल्यावरही एक देणं आहे. मार्च १९४४ मध्ये इम्फाळ धोक्यात आलं, तेव्हा आग्नेय आशियातल्या दोस्तसैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी हंपवरची २० सी-४६ विमानं वळवून अराकानातली ५ वी भारतीय डिव्हिजन तिथं आणवली. त्याच दिवसांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण इम्फाळच्या वाटेवर सांगशाकला जपान्यांना अडवून उभी होती.

पडलेली विमानं अजून अरुणाचलच्या जंगलात आहेत. २५ जानेवारी १९४४ ला हरवलेलं ‘हॉट ॲज हेल’ नावाचं बी-२४ क्लेटन कूल्स या अमेरिकन गिर्यारोहकाला २००६ साली दामरोहजवळ सापडलं. आठ जणांचं ते विमान. तिथले काही अवशेष २०१६ मध्ये अमेरिकेला सोपवले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला हंपचं संग्रहालय उघडलं. आणि ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं आपलं एएन-३२ त्याच डोंगरांत पडलं. १३ जण होते. सांगाडा दिसायला आठ दिवस लागले.

हंपवर १९४३ मध्ये गेलेल्यांतले निम्मे तरी वाचवता आले असते, असं माझं मत आहे आणि इंजिनांवर सह्या केलेला माणूस म्हणून मी ते जबाबदारीनं मांडतो. डोंगर तेच होते, ढग तेच होते. विचारणारा माणूस वर्षभर उशिरा आला. लष्करी विमान पडल्याची बातमी वाचाल तेव्हा श्रद्धांजली जरूर वाहा. पण सहा महिन्यांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहा आणि विचारा, चौकशीत काय निघालं आणि त्यावर काय केलं.