गळाची काठी: मेसापासून कार्बनपर्यंत

गळाच्या काठीचा आपल्याकडचा लेखी माग काढायचा तर बाराव्या शतकात जावं लागतं. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वरानं ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राज्य कसं राखावं इथपासून जेवावं काय इथपर्यंत सगळं त्यात आहे, आणि ‘मत्स्यविनोद’ हा भाग गळानं मासे धरण्याला वाहिलेला आहे. आपलं कृष्णाकाठचं कऱ्हाड तेव्हा याच सत्तेच्या छायेत होतं. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य यांची एक राणी कऱ्हाडच्या शिलाहारांची लेक. ‘मत्स्यविनोदा’ची रीत मला फार मोलाची वाटते. राजा आधी मासे ओळखतो: समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मग कुणाला काय चारायचं ते सांगतो. काठी कोणती घ्यावी, या प्रश्नाचं उत्तर आजही याच वाटेनं मिळतं.

कृष्णाकाठच्या भोई-कोळ्यांचं पोट जाळ्यावर चालत आलं. काठी धरली ती गुराख्यांनी, पोरांनी, दिवस कलल्यावर घाटावर येणाऱ्या शेतकऱ्यांनी. पाटण-जावळीच्या डोंगरात बांबूला तोटा नव्हता. जाडजूड, पोकळ कळक घराला आणि शिडीला जायचा. गळाला मेस बरा: सडपातळ, जवळजवळ भरीव, शेंड्याला लवणारा. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही, असं मानतात. तो सावलीत वाळवायचा, वाकडा असेल तर विस्तवावर शेकून सरळ करायचा, तेल पाजायचं. टोकाला दोरी, दोरीला जोंधळ्याच्या ताटाचा भेंड, खाली गळ आणि त्यावर दानवं, म्हणजे गांडूळ. माहुलीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, हरिपूरला वारणा मिळते तिथं, नदी काठाशी खोल असली की एवढ्यावर भागायचं. मासा पायाशी येत होता, दूर फेकायची गरजच नव्हती.

इंग्रज गळ घेऊन नदीवर आले ते महसिराच्या ओढीनं. कर्नल साइक्स यांनी १८३९च्या सुमारास दख्खनच्या माशांची नोंद प्रसिद्ध केली, आणि आपला महसीर ‘खुडरी’ या नावानं शास्त्रात गेला. १८७३ साली मंगळूरहून हेन्री सुलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ निघालं. वाहत्या, खडकाळ पाण्यात महसीर पहिल्याच झेपेत सगळी दोरी ओढून नेतो. त्याला नुसती काठी पुरत नाही, दोरी सोडणारं रीळ लागतं. त्याच शतकात आपल्या देशातला भरीव बांबू कलकत्त्याहून बोटीनं परदेशी जात होता. तिथले कारागीर तो उभा चिरून, सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठ्या बनवत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूनं त्याची जागा घेतली. आपल्या बांबूची ही कामगिरी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

खरा पालट नदीनं घडवला. १९६०च्या दशकात कोयना अडली, पुढच्या दशकांत धोम, कण्हेर, चांदोली झाली, खाली जागोजाग कोल्हापुरी बंधारे पडले. पाणी पसरलं, थांबलं. गंगेकडचे रोहू, कटला, मृगळ सोडले गेले आणि चिलापी तर सगळीकडे शिरली. धरणाच्या उतरत्या काठावरून मासा दूर राहतो, तिथं दहा-बारा फुटांचा बांबू तोकडा पडतो. नायलॉन १९३८ साली जाहीर झालं होतं. त्याचा तंगूस, दुसऱ्या महायुद्धानंतरची काचतंतूची काठी आणि इंग्लंडमधल्या इलिंगवर्थ यांनी १९०५ साली पेटंट घेतलेल्या न फिरणाऱ्या रिळाचे वंशज, हे तिन्ही इथं एकत्र आले. १९७०नंतर कार्बनच्या काठ्या निघाल्या. वजनाला हलक्या, पण खडकावर आपटल्या की काडकन मोडतात. म्हणून नवशिक्याला मी काचतंतूचीच सुचवीन.

आज निवड करायची झाली तर चिलापीला लांब, बारीक शेंड्याचा बांबू उत्तम. रिळाचा खर्च व्यर्थ. मरळीसाठी आखूड आणि ताठ काठी हवी, कारण ती गळाला लागताच पाणगवतात घुसते, तिला तिथंच उपसावं लागतं. वाम दगडांच्या कपारीत शेपूट रोवते. तिलाही ताठ काठीच. कटला-रोहूला धरणावर नऊ-दहा फुटी काठी, मोठं रीळ आणि धीर. धरणावर बसण्याआधी मात्र परवानगी विचारून घ्यावी, पाणी बहुधा ठेक्यानं दिलेलं असतं. कोयना आणि चांदोलीचं वरचं पाणी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथं गळ टाकायचाच नाही.

भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्लेही केले आहेत. तिथं काठी लांबच घ्यावी, पाण्यापासून चार पावलं मागं, उंच दरडीवर बसता येईल इतकी.