कोकच्या वह्या आणि आपले स्क्रीनशॉट

लॉ कॉलेजची मुलं माझ्याकडे काम शिकायला येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या नोट्स मागतो. हल्ली मोबाईलमधले स्क्रीनशॉट पुढे येतात. निकालाचा एखादा परिच्छेद असतो, पण कोर्ट कोणतं, साल कोणतं, वाक्य न्यायाधीशांचं की वकिलाच्या युक्तिवादातलं, काही पत्ता नाही. मग मी त्यांना एडवर्ड कोकची गोष्ट सांगतो. थोडी लांब आहे, पण वाचा.

कोक १५७२ साली लंडनच्या इनर टेंपलमध्ये कायदा शिकायला दाखल झाला. कोर्टाच्या दप्तरात तेव्हा निकाल काय लागला एवढं असायचं, का लागला ते नसायचं. कारणं न्यायाधीश तोंडी सांगायचे. विद्यार्थी आणि वकील ती ऐकून टिपून घ्यायचे, म्हणजे कायदा राहायचा तो लोकांच्या वह्यांत. कोकने तरुणपणापासून अशा वह्या भरल्या आणि १६०० ते १६१५ या काळात त्यातून 'रिपोर्ट्‌स'चे अकरा भाग छापले.

पण कोक नुसतं ऐकलेलं लिहीत नसे. कोर्ट कुठे थांबलं आणि कोक कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला कळत नसे. १६१० चा डॉक्टर बोनहॅमचा खटला घ्या. कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही आणि विवेकाविरुद्धचा पार्लमेंटचा कायदाही निरर्थक ठरू शकतो, असं त्याच्या रिपोर्टमध्ये आहे. हे सगळ्या न्यायाधीशांचं मत होतं की एकट्या कोकचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. तरी पुढे अमेरिकेतल्या वकिलांनी त्याच ओळी हत्यारासारख्या वापरल्या.

राजालाही या वह्या बोचत होत्या. १६१६ साली पहिल्या जेम्सने कोकला रिपोर्ट तपासून चुका दुरुस्त करायचा हुकूम दिला. साधारण पाचशे खटल्यांतून या गड्याने पाच चुका काढून दिल्या, त्याही फुटकळ! त्याच वर्षी त्याचं सरन्यायाधीशपद गेलं. १६३४ मध्ये तो मरणाच्या दारात असताना पहिल्या चार्ल्सच्या माणसांनी घराची झडती घेऊन कागदपत्रं उचलून नेली. ती परत मिळायला १६४१ उजाडावं लागलं, तेही पार्लमेंटने मागणी केल्यावर. त्यातूनच त्याचे उरलेले ग्रंथ छापले गेले. त्याचा हाडवैरी फ्रान्सिस बेकन, तोसुद्धा म्हणत असे की या रिपोर्टांत कोकचं स्वतःचं जास्तच आहे, पण ते नसते तर कायदा भरकटला असता.

नंतर मॅथ्यू हेलने विद्यार्थ्यांना पद्धतच घालून दिली. १६६८ च्या एका प्रस्तावनेत तो सांगतो, आधी काही वर्षं नुसतं वाचा, मग एक मोठी वही घ्या, विषयवार मथळे पाडा आणि वाचलेलं त्या त्या मथळ्याखाली नोंदवा. प्रस्तावना ज्या पुस्तकाला होती ते हेन्री रोलचं पुस्तक म्हणजे मुळात रोलची अशीच वही!

आपल्याकडे १८७५ च्या कायद्याने अधिकृत लॉ रिपोर्ट आले. नागपूरहून निघणारं एआयआर तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही वकिलाच्या कपाटात दिसेल. पण त्यातली हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नव्हे. कोकचा घोळ तिथेही आहेच, फक्त सभ्य वेशात. आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले. पाच हजार डॉलर दंड बसला.

म्हणून पोरांना मी सांगतो, पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कोर्ट, साल, पक्षकार, परिच्छेद क्रमांक आणि न्यायाधीशांचे शब्द जसेच्या तसे. उजवीकडे तुमचं मत, आणि निकाल मूळ वाचला की नुसती हेडनोट, तेही. पुढे तो निकाल दुसऱ्या कोर्टाने फिरवला तर तारखेसकट लाल शाईने तिथेच लिहा. कुणाच्या तरी सात-बाराचा किंवा जामिनाचा अर्ज त्या पानावर उभा राहणार असतो.