ओझं वाहणाऱ्यांचे शब्द

कॅनडात आल्यावर पहिल्याच वर्षी मी ऑफिसात इंग्रजीत सांगून टाकलं, "या शनिवारी आम्ही शिफ्ट करतोय." समोरचा कळवळून म्हणाला, "अरेरे, शनिवारीसुद्धा पाळी?" तुमच्यापैकी अनेकांचं असं झालं असेल. आपल्याकडे घर शिफ्ट होतं, इथे ते 'मूव्ह' होतं.

त्या शनिवारी मदतीला आलेल्यांनी माझ्या गोंधळात भरच घातली. कुणी सोफा 'हॉल' केला, कुणी खोकी 'लग' केली, एकजण गादी तिसऱ्या मजल्यावर 'श्लेप' करून धापा टाकत बसला. मी मात्र सगळं 'कॅरी' करत होतो! मराठीत आपण असं कधी बोलत नाही. पिशवी नेतो, कपाट सरकवतो, पोतं वाहतो, ट्रंक ओढतो आणि हट्टी पोराला फरफटत नेतो. इंग्रजीतही प्रत्येक शब्दाचं वजन असंच वेगळं आहे.

'हॉल' फ्रेंचमधून आला, जहाजावर दोर खेचण्याच्या कामातून. म्हणून आजही ट्रक माल 'हॉल' करतो. 'लग' म्हणजे जड वस्तू कशीबशी ओढत नेणं. 'लगेज' त्यातूनच निघालं. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा विमानतळावर ओढलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. 'श्लेप' यिडिश भाषेतला. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तो उत्तर अमेरिकेत आणला. टोरांटोचं केन्सिंग्टन मार्केट १९२०-३०च्या दशकांत ज्यूंचा बाजार म्हणूनच ओळखलं जाई. या शब्दात ओझ्याबरोबर थोडी कुरकुरही असते.

पण खास या भूमीचा शब्द कोणता, असं विचाराल तर मी 'पोर्टेज' म्हणेन. इथला जुना व्यापार फरचा आणि रस्ते म्हणजे नद्या. धबधबा किंवा खडकाळ प्रवाह आला, की कनू पाण्याबाहेर काढायची आणि मालासकट खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं. हेच पोर्टेज. १७७९ साली आकाराला आलेल्या नॉर्थ वेस्ट कंपनीसाठी हे काम 'व्हॉयाजर' करत. हे बहुतेक फ्रेंच भाषक, क्युबेककडचे गडी. एकेक गठ्ठा ९० पौंडांचा आणि एका खेपेला असे दोन, म्हणजे जवळजवळ ८२ किलो! पिजन नदीवरचे धबधबे टाळणारी 'ग्रँड पोर्टेज' ही वाट साडेआठ मैलांची होती. आज ती सीमेलगत, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात आहे. १८०३मध्ये कंपनीने तिथलं ठाणं हलवून आजच्या थंडर बेला नेलं. माणसं वाटेवर ठरावीक टप्प्यावर गठ्ठे ठेवत आणि उरलेले आणायला परत फिरत. हर्नियाने अनेकांचा बळी घेतला.

आता गंमत बघा. हे गठ्ठे पाठीवर असत, पण त्यांचा चामडी पट्टा कपाळावरून घेतलेला असे. भार डोक्याने पेलायचा. आपल्याला लगेच आठवतो तो माथाडी! मुंबईच्या बाजारात माथ्यावर पोती वाहणारा कामगार. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९मध्ये महाराष्ट्राने माथाडी-हमालांसाठी कायदा केला. त्या कायद्याच्या नावातच हा शब्द आहे. व्हॉयाजरच्या पाठीशी असा कायदा नव्हता. त्याच्या कामाचं नाव मात्र नकाशावर उरलं. मॅनिटोबात पोर्टेज ला प्रेअरी हे गाव आहे आणि विनिपेगचा मुख्य रस्ता पोर्टेज अ‍ॅव्हेन्यू. तिथले लोक त्याला 'पोर्टिज' म्हणतात.

या वाटा मात्र फ्रेंचांनी शोधलेल्या नव्हत्या. त्या इथल्या मूळ रहिवाशांच्या. ओजिब्वे भाषेत अशा वाटेला 'ओनिगम' म्हणतात. टोरांटोत हंबर नदीच्या मुखाजवळून लेक सिमकोकडे जाणारी अशीच एक प्राचीन वाट होती. इतिहासात ती 'टोरांटो कॅरिंग प्लेस' म्हणून ओळखली जाते. ओझं वाहणाऱ्यांचे शब्द टिकतात खरे, पण सगळ्यांचे नाही. वाट ज्यांची, त्यांचाच शब्द पाट्यांवरून मागे पडला.

आपल्या 'वाहणे'कडेही एकदा बघा. नदी वाहते आणि हमाल ओझंही वाहतो. दोन्हींचं मूळ संस्कृत 'वह्', आणि इंग्रजीतले 'वॅगन' आणि 'वेट' त्याचेच दूरचे भाऊबंद. जिथे नदीला नाव वाहून नेता येत नाही, तिथे माणूस ती वाहतो. पोर्टेजचा अर्थ सांगायला आपल्याकडे हे एकच क्रियापद पुरतं.

उन्हाळ्यात मुलांना घेऊन अल्गॉन्क्विन पार्कला जाल, तर काठावर पोर्टेजची पिवळी पाटी दिसेल, मीटरमध्ये अंतर लिहिलेली. कनू खांद्यावर घेण्याआधी मुलांना 'पोर्टेज', 'ओनिगम' आणि 'वाहणे' हे तिन्ही शब्द सांगा. आणि पुढच्या वेळी घर बदलताना तोंडून 'शिफ्ट' निघालं, तर फार ओशाळू नका. इथे प्रत्येकजण आपल्या सामानाबरोबर आपला शब्दही घेऊन आला आहे.