सप्टेंबर १९४८ : आपल्या तालुक्यातून गेलेले लष्कर

आपल्या भागातील जुनी माणसे वय सांगताना सन क्वचितच सांगत. ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी मी पाळण्यात होतो’, ‘ॲक्शनच्या आधी दोन वर्षं माझं लग्न झालं’ असा हिशोब असे. ज्या घटनेवरून घराघरात वय मोजले गेले, तिची माहिती नव्या पिढीसाठी एकत्र असावी म्हणून ही नोंद.

पूर्वपीठिका
त्या वेळी आपले गाव कल्याणी या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानातील एक जहागीर होते. बसवकल्याण हे नाव पुढे १९५६ मध्ये आले. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही निजामाने विलीनीकरण केले नाही. नोव्हेंबरमध्ये एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. कासीम रझवीच्या रझाकारांचा उपद्रव वाढत गेला. आपल्या तालुक्यातील गोरट्याचे हत्याकांड मे १९४८ मधले. अनेक कुटुंबे घरदार सोडून सोलापूर, बार्शीकडे गेली.

लष्कराचा मार्ग
१३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल शाबूत हाती आला. १४ तारखेला उमरग्याहून सैन्य राजेश्वरकडे निघाले. वाटेत दबा धरण्यासाठी केलेली मोर्चेबंदी विमानांतून दिसली होती; टेंपेस्ट विमानांनी हल्ला करून मार्ग मोकळा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आले. पुढे जहीराबादच्या वाटेवर पेरलेले सुरुंग काढावे लागले. १७ तारखेला सकाळी सैन्य बीदरमध्ये शिरले आणि त्याच दिवशी संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. आज सस्तापूर बंगल्यावरून हैदराबादची बस धरणाऱ्यांचा रस्ता तोच आहे.

नंतरचे दिवस
१९४९ च्या अखेरपर्यंत चौधरी लष्करी गव्हर्नर होते. परगावी गेलेली कुटुंबे हळूहळू परतली. संस्थानचे चलन मात्र लगेच बंद झाले नाही. हाली शिक्का आणि कलदार दोन्ही काही वर्षे चालत होते. दर ७ हाली रुपयांना ६ कलदार असा होता. बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक सूचना करावीशी वाटते: घरात त्या काळचे खतावणीचे बाड किंवा खरेदीखत असेल, तर रक्कम हालीत आहे की कलदारात, हे आधी पाहावे. नाहीतर हिशोब चुकतो.

दुसरी आठवण
बहुतेक मराठी घरांत लष्कर आल्याची आठवण सुटकेची आहे. त्याच गावातील मुसलमान घरांत मात्र ती भीतीची आहे. लष्कर आल्यानंतरच्या आठवड्यांत सूडाच्या लाटेत असंख्य निरपराध माणसे मारली गेली. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे तिने नोंदवले. काही ठिकाणी सैनिकांचा सहभाग होता, तर काही ठिकाणी सैनिकांनी आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांचे प्राण वाचवले, अशी दोन्ही बाजूंची नोंद अहवालात आहे. हा अहवाल अनेक दशके दडलेला राहिला.

गोरट्याचे दुःख सांगताना ही नोंद गाळली, तर आपला इतिहास अर्धाच राहील. जमेची बाजू लिहून नावेची कोरी ठेवली, तर ताळेबंद जुळत नाही.

सभासदांना विनंती
१७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि आपल्याकडे कल्याण कर्नाटक उत्सव म्हणून साजरा होतो. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीकडे झुकले आहेत. घरात किंवा शेजारी असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसावे. लष्कर कोणत्या वाटेने गेले, कुटुंब कुठे होते, कोणी कोणाला घरात आसरा दिला, हे विचारून त्यांच्याच बोलीत लिहून ठेवावे. शेजारी मुसलमान असतील तर त्यांनाही तितक्याच आदराने विचारावे. आसरा देणाऱ्यांची नावे दोन्ही बाजूंना सापडतील.