योरुबा भाषेतील दैनंदिन संभाषण

नायजर-काँगो भाषाकुलातील योरुबा ही नायजेरियाच्या नैर्ऋत्य मुलखात आणि लगतच्या बेनीन व टोगो या देशांच्या काही भागांत बोलली जाते. लागोस, इबादान व इले-इफे ही तिची प्रमुख नगरे. लहानपणी गुलामगिरीत सापडून 1822 मध्ये मुक्त झालेल्या व पुढे बिशपच्या हुद्द्यास पोहोचलेल्या सॅम्युएल अजायी क्राउदर या योरुबा विद्वानाने 1843 मध्ये तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला.

या भाषेतील व्यवहाराचा आरंभ अभिवादनाने होतो, आणि त्यातही वयाने लहान असलेल्याने प्रथम बोलावे, असा रिवाज आहे. ज्येष्ठांस वा अपरिचितांस संबोधताना ‘ए’ हे आदरार्थी बहुवचनी सर्वनाम योजतात. आपल्याकडील ‘तू’ व ‘तुम्ही’ यांचा विवेक ज्याच्या अंगवळणी पडला आहे, त्या मराठी भाषकास हा भेद सहज उमगावा. सकाळी ‘ए काआरॉ’, दुपारी ‘ए काआसाँ’, रात्री ‘ए काआले’ आणि आल्यागेल्याच्या स्वागतास ‘ए काआबॉ’ म्हणतात. परंतु या भाषेचे खरे वैभव ‘कू’ या पदाने सिद्ध होणाऱ्या अभिवादनांत आहे: काम करीत असलेल्यास ‘ए कू इशे’, बसलेल्यास ‘ए कू इजोको’, समारंभात खर्च करणाऱ्या यजमानास ‘ए कू इनावो’, प्रसूतीचे संकट पार केलेल्या मातेस ‘ए कू एवू ऑमॉ’, मनुष्य ज्या अवस्थेत भेटेल त्या अवस्थेची दखल घेणारे असे अभिवादन बहुधा सापडतेच, आणि ते न करता पुढे जाणे असंस्कृतपणाचे गणले जाते. त्यामागोमाग ‘इले न्कॉ?’, ‘ऑमॉ न्कॉ?’ अशी घराची व मुलाबाळांची विचारपूस होते. तीस ‘आ दुपे’, म्हणजे आम्ही आभारी आहो, हे उत्तर शोभते. बाजारात ‘एलो नी?’ असे विचारून भाव काढावा, पण अभिवादनानंतरच. ‘ए जॉ’ ही विनंती, ‘ए शे’ हे आभार आणि ‘ओ दाबॉ’ हा निरोप.

शब्दांइतकीच गरज सुरांची आहे. उच्च, मध्य व नीच असे तीन सूर अर्थभेदक असल्याने ‘ऑकॉ’ या एकाच ध्वनिसमूहाचे सुरांनुसार पती, कुदळ वा वाहन असे अर्थ होतात. ‘दुन्दुन’ हा बोलका ढोल वाक्यांच्या याच सुरावटीचे अनुकरण करतो. शिवाय ‘ए’ व ‘ऑ’ यांच्या विवृत-संवृत छटा आणि ‘ग्ब’सारखा, कंठ व ओष्ठ यांच्या एकसमयावच्छेदेकरून होणाऱ्या स्फोटाने निघणारा वर्ण देवनागरीत नेमका उतरत नाही, म्हणून वरील लेखन स्थूलमानानेच घ्यावे.

रोमन लिपीतील योरुबा लेखनात सुरांची चिन्हे विहित आहेत. परंतु नित्याच्या लेखनात ती वारंवार गाळली जातात. यास्तव अभ्यासकाने प्रत्येक वाक्य प्रथम योरुबा भाषकाच्या मुखातून ऐकावे, आणि मगच कंठस्थ करावे.