वैद्यकीय प्रवेशाची पूर्वपात्रता (महाराष्ट्र)

एमबीबीएसला प्रवेश मिळवण्यासाठी विद्यार्थ्याने कोणती बारावी उत्तीर्ण केलेली असावी आणि ती कोणत्या मंडळातून करावी, या निवडीसंबंधीची ही नोंद. महाराष्ट्रात दहावी झालेल्या मुलापुढे राज्य मंडळाची एचएससी, सीबीएसई, आयएससी, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम (आयबी आणि केंब्रिज ए लेव्हल) आणि मुक्त विद्यालय अशा वाटा असतात. आवश्यक ते विषय घेतले असतील तर या सगळ्या वाटा नीट या देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या दारापर्यंत जातात. ‘डॉक्टर व्हायचं तर सीबीएसईच घ्या’ हा सल्ला दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढ्यांबरोबर मिळतो. त्यात तथ्य आहे, पण थोडेच. प्रवेशाच्या वेळी घोडे अडते ते बहुधा मंडळाच्या नावावर नव्हे. शाळा कोणत्या राज्यात होती आणि गुणपत्रिकेवर कोणते विषय आहेत, या दोन प्रश्नांवर अडते.

पूर्वी तसे नव्हते. १०+२+३ ही रचना येण्याआधी मुले अकरावीची मॅट्रिक करून महाविद्यालयात जात आणि इंटर सायन्सच्या गुणांवर मेडिकलची यादी लागे. पुढे बारावी आली आणि तिच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेला सोन्याचे मोल आले. एका गुणावर शासकीय महाविद्यालय हातचे जाई. गुणवत्ता यादीच्या त्या काळातच कसून तयारी करून घेण्यासाठी लातूरचे नाव गाजले आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रुजला. त्यानंतर राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, सीईटी, आली. ती राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेली असल्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांना मंडळ बदलण्याचे काही कारणच नव्हते.

नीटने हे चित्र पालटले. ती ५ मे २०१३ रोजी पहिल्यांदा झाली. त्याच वर्षी १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि महाराष्ट्र पुन्हा सीईटीकडे वळला. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला तो निकाल मागे घेतला. १ मे रोजी नीटचा पहिला टप्पा झाला आणि ५ मे रोजी राज्याची सीईटी. सीईटी दिलेल्या मुलांना पुढच्या काही दिवसांत कळले की ती परीक्षा कदाचित धरलीच जाणार नाही. नीटला अकरावीचाही अभ्यास लागत असल्यामुळे त्या वर्षाची रद्दीत घातलेली पुस्तके शोधण्याची वेळ त्या उन्हाळ्यात अनेक घरांवर आली. अखेर मेअखेरीस केंद्राने अध्यादेश काढून राज्यांच्या जागांना त्या वर्षापुरती सूट दिली. २०१७ पासून ती सूटही नाही. एम्स आणि जिपमर यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा २०१९ पर्यंत होत्या, २०२० पासून त्याही नीटमध्ये विलीन झाल्या.

बारावी त्यामुळे उंबरठ्यापुरती उरली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असणे आवश्यक. वैद्यकीय पदवी शिक्षणाच्या १९९७ च्या नियमावलीने विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटासाठी ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० टक्के अशी रेघ आखली होती. एचएससीला प्रत्येक विज्ञान विषयात ७० गुण लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे असतात. जर्नल वेळेवर सही करून घेणाऱ्या मुलाला ही रेघ गाठणे अवघड नाही. मात्र पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) जायचे असेल तर तेथे स्वतःच्या वेगळ्या अटी आहेत आणि बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेली असावी ही त्यांतली एक आहे.

राज्य मंडळ की सीबीएसई, हा खरा रोजचा प्रश्न. नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांना धरून चालतो. प्रश्नपत्रिका ७२० गुणांची असते. तिच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि ४५-४५ भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक जातो. जीवशास्त्रातले बरेच प्रश्न एनसीईआरटीतल्या एखाद्या वाक्यावर, आकृतीखालच्या ओळीवर किंवा तक्त्यावर उभे असतात. सीबीएसईच्या मुलाला तेच पुस्तक दोन वर्षे वर्गात आणि वर्षअखेरीच्या परीक्षेत भेटते. हा फायदा खरा आहे.

राज्य मंडळाची पुस्तके मागासलेली आहेत, हा समज मात्र जुना झाला. अकरावीची नवी पुस्तके २०१९-२० मध्ये आणि बारावीची २०२०-२१ मध्ये आली आणि मजकुराचे अंतर बरेच कमी झाले. अडचण आहे ती क्रमाची. एनसीईआरटीमध्ये हृदय आणि रक्ताभिसरण अकरावीला येते. राज्य मंडळाच्या, म्हणजे बालभारतीच्या, जीवशास्त्रात श्वसन आणि अभिसरण हे प्रकरण बारावीला आहे. चेतासंस्थेचेही तसेच. भौतिकशास्त्रातली परिवलन गती आणि दोलने, रसायनशास्त्रातली ऊष्मागतिकी आणि आयनिक समतोल हीदेखील तिथे अकरावीला, इथे बारावीला. शिकवणी वर्ग एनसीईआरटीच्या क्रमाने चालतात. त्यामुळे राज्य मंडळाच्या मुलीला क्लासमध्ये अकरावीच्या दिवाळीच्या आसपास हृदयाचे चार कप्पे पाठ होतात आणि महाविद्यालयात त्याच प्रकरणाची पहिली ओळ ती वर्षभराने ऐकते. कोणाला ही आयती उजळणी वाटते, कोणाला दोन बैलांचा वेगवेगळ्या दिशांना चाललेला गाडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एचएससी आणि मेच्या सुरुवातीला नीट, अशा वेळापत्रकात दीर्घोत्तरी लेखनाचा सराव आणि पर्यायी प्रश्नांचा सराव एकाच डोक्यात आलटून पालटून करावा लागतो, हे ओझे तेवढे राज्य मंडळाच्या बाजूला जास्त.

तरीही दहावीपर्यंत सीबीएसई किंवा आयसीएसईत शिकलेली कितीतरी मुले अकरावीला मुद्दाम राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात येतात. कारण अभ्यासक्रमात नाही, हजेरीपटात आहे. महाविद्यालय आणि क्लास यांनी हातमिळवणी केलेल्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत मूल दिवसभर क्लासच्या बाकावर असते आणि महाविद्यालयात त्याचे फक्त नाव असते. शासनाने २०१८ साली विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच प्रकारावर. प्रकार त्यानेही थांबला नाही.

विषयांच्या निवडीला बोलीभाषेत ‘ग्रुप’ म्हणतात. गणित सोडून पीसीबी घ्यावे की चारही विषय ठेवून पीसीएमबी, यावर घराघरांत वाद होतात. पीसीबी घेतल्यास वेळ वाचतो, पण अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांचे दार बंद होते. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी ही दारे उघडी राहतात. बीएएमएस आणि बीएचएमएसला नीटचेच गुण चालतात. राज्य मंडळाचा एक खास पर्याय बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. तो म्हणजे द्विलक्षी, अर्थात बायफोकल विषय. जीवशास्त्राचा मुलगा ‘क्रॉप सायन्स’ किंवा ‘फिशरी’ हा २०० गुणांचा विषय घेऊन दुसरी भाषा आणि गणित दोन्ही वगळू शकतो. नीटला त्याचा उपयोग शून्य. पण त्यात गुण सढळ मिळतात आणि डोक्याला शांतता मिळते. बारावीची टक्केवारी प्रवेशाला मोजली जात नसताना दुसऱ्या लाभाचे वजन अधिक धरावे.

आता ठिकाणाविषयी, जिथे सर्वांत महागडी चूक होते. शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो आणि त्याशिवाय दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. केंद्र सरकारी व संरक्षण दलांतील कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद सोडले, तर या अटीला पळवाट नाही. मंडळ कोणते, याच्याशी तिला देणेघेणे नाही. नाशिकच्या सीबीएसई शाळेतून झालेली बारावी चालते. राजस्थानातल्या कोटा शहरात शिकवणीसाठी गेलेल्या आणि तिथल्याच शाळेत नाव घातलेल्या मुलाची बारावी चालत नाही, मग त्याचे आजोबा-पणजोबा सांगलीचे असले तरी. असा मुलगा अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठे एवढ्यांपुरता उरतो. ‘नुसती ॲडमिशन तिकडची दाखवू’ असे सांगणारा एजंट कागदपत्र पडताळणीच्या रांगेत शेजारी उभा नसतो.

पणजीत किंवा मडगावात वाढलेल्या मराठी मुलालाही हेच लागू पडते. गोव्याचे मंडळ वेगळे आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या जागांचे निकषही गोव्याचे. दुबई, मस्कत, कुवेत इथल्या भारतीय शाळांतून सीबीएसईची बारावी केलेल्या मुलांना नीटचे केंद्र परदेशात मिळू लागले, त्याची सुरुवात २०२१ साली कुवेतपासून झाली. पण राज्याच्या कोट्याबाबत त्यांचीही गत कोटा शहरात गेलेल्या मुलासारखीच होते आणि मग घरची चर्चा अनिवासी भारतीय कोट्याच्या शुल्कावर येऊन थांबते. सीमाभागाची गोष्ट निराळी. कर्नाटकातल्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद ठेवली आहे. राज्याच्या आत विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी विभागणी करणारा ७०:३० चा नियम मात्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. त्यामुळे बारावी लातुरात केली की ठाण्यात, याने आता फरक पडत नाही.

नीट मराठीतूनही देता येते आणि मराठी प्रश्नाशेजारी इंग्रजी प्रश्न छापलेला असतो. दोहोंत तफावत निघाली तर इंग्रजी ग्राह्य. कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून शिकवले जात असल्याने दहावीपर्यंत ‘तंतुकणिका’ म्हणणारी मुले दोन वर्षांत ‘मायटोकॉन्ड्रिया’वर आलेली असतात आणि मराठी प्रश्नपत्रिका त्यांनाच परकी वाटू लागते.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शहरांपुरते आहेत. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात, तीन उच्च आणि तीन सामान्य स्तरावर. गणित आणि दोन भाषा त्यात येतातच. नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोन विषय बसतात, तीन बसत नाहीत. म्हणजे भारतात एमबीबीएस करायचे असेल तर विषयांच्या वेगळ्या मांडणीची परवानगी शाळेमार्फत आधीच घ्यावी लागते. शिवाय आयबीच्या मे सत्राच्या परीक्षा ऐन नीटच्या तोंडावर चालू असतात. केंब्रिजच्या ए लेव्हलमध्ये तीन विज्ञान विषय सहज घेता येतात आणि भारतातल्या शाळांसाठी मार्च सत्राची सोय आहे. ब्रिटनमध्ये जायचे असेल तर हिशेब उलटा. तिथल्या बहुतेक वैद्यकीय शाळांना ए लेव्हलमध्ये रसायनशास्त्र आणि त्याच्या जोडीला बहुधा जीवशास्त्र हवे असते, भौतिकशास्त्राचा आग्रह नसतो. अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, तोही वैद्यकाच्या चारच अभ्यासक्रमांसाठी. त्याच्या जोडीला यूकॅट ही वेगळी चाचणी असते. एकाच वेळी दोन्ही देशांची तयारी करणारी मुले आहेत. ती थकलेली दिसतात.

मुक्त विद्यालयाची वाट काही काळ बंद होती. १९९७ च्या नियमावलीत पुढे घातलेली ही बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली अवैध ठरवली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने आणखी एक गाठ सोडवली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झाले तरी ते ग्राह्य धरले जाऊ लागले. पीसीएम घेऊन बारावी झालेला, अभियांत्रिकीचे पहिले वर्ष अर्ध्यावर टाकून आलेला मुलगा आता एका विषयाचा फॉर्म भरून नीटला बसू शकतो.