छायाचित्राखालचे नाव : छायाचित्रकाराला काम कसे मिळत गेले, त्याचा इतिहास

१/ सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण. कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे तिकडे निघाले की, शहापूर तालुक्याच्या हद्दीत विहीगावचा धबधबा लागतो. २००१ साली प्रदर्शित झालेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटातील काही दृश्ये येथे चित्रित झाली. तेव्हापासून पर्यटकांच्या तोंडी त्याचे नाव ‘अशोका धबधबा’ असे रुळले आहे.

२/ एका चित्रपटातील प्रतिमेने गावाचे नाव मागे सारले. त्या प्रतिमेत नायक कोण होता, हे सर्वांना ठाऊक आहे. कॅमेरा कोणी चालवला, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. दिग्दर्शक संतोष सिवन हेच त्या चित्रपटाचे छायालेखकही होते. चित्र लक्षात राहते आणि चित्र टिपणारा विसरला जातो, ही गोष्ट मात्र चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे.

३/ सूर्यमाळ, खोडाळा, जव्हार या पट्ट्यातील पावसाळी छायाचित्रे आज एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांतील बहुतेकांखाली नाव नसते. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला काम द्यायला बोलावणार तरी कसे? छायाचित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न असा त्याच्या नावाशी बांधलेला आहे. मुंबई इलाख्यात हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वीपासून उभा आहे.

४/ १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरची पद्धत जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांत, १८५४ साली, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ सालच्या. मुंबईच्या संस्थेने १८५५ मध्ये स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. सभा, प्रदर्शने आणि छापील पाने, ही छायाचित्रकाराला लोकांसमोर आणणारी पहिली साधने होत.

५/ या संस्थेत गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर काही एतद्देशीय सभासदही होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी ही त्यांतील ठळक नावे. नारायण दाजी पेशाने वैद्य. त्यांची छायाचित्रे संस्थेच्या प्रदर्शनात मांडली गेली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. धंदा म्हणून छायाचित्रण करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

६/ त्याच सुमारास, १८५६ ते १८५८ या काळात, विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही मासिक चित्रमाला काढली. छापखान्यात छायाचित्र छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक अंकात खऱ्या छायाचित्रांच्या प्रती चिकटवलेल्या असत. ज्याच्या हाती असा अल्बम, त्याच्या हाती गिऱ्हाईक. छायाचित्रकार आणि पाहणारा यांच्यामध्ये प्रकाशक हा तिसरा माणूस येथे उभा राहिला.

७/ जॉन्सनने पुढे १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्याच देखाव्यावर जोडून त्यांतील अनेक चित्रे रचलेली होती. माणूस एका जागी उभा राहिला, पार्श्वभूमी दुसऱ्या जागेची आली आणि खाली नाव आले ते जमातीचे. चित्रातील व्यक्ती कोण, याला त्या चौकटीत स्थान नव्हते.

८/ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांत हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. चित्राखाली जात, जमात किंवा प्रदेश यांची नोंद. समोर उभा राहिलेला माणूस अनाम, आणि छायाचित्रे पुरवणाऱ्या कित्येकांची स्थितीही त्याहून फारशी वेगळी नव्हती. लक्षात राहिली ती संपादकांची नावे : जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के.

९/ नाव टिकवण्याची एक युक्ती मात्र बाजारानेच शोधली. १८५४ साली पॅरिसमध्ये डिस्देरी याने भेटकार्डाच्या आकाराच्या छोट्या छायाचित्रांचे पेटंट घेतले. या पुठ्ठ्यांच्या मागील बाजूस स्टुडिओचे नाव, पत्ता, मिळालेली पदके आणि राजाश्रयाची चिन्हे छापली जात. काचेचे निगेटिव्ह जपून ठेवले आहे, हवी तेव्हा आणखी प्रत मिळेल, अशी सूचनाही अनेकदा तेथे असे.

१०/ या छोट्या सूचनेत धंद्याचे मर्म होते. छायाचित्र नातेवाइकांकडे जाई, त्यांच्याकडून परगावी जाई आणि प्रत्येक ठिकाणी छायाचित्रकाराचा पत्ता बरोबर घेऊन जाई. निगेटिव्ह स्टुडिओतच असल्याने गिऱ्हाइकाला परत तेथेच यावे लागे. प्रतिमा कितीही दूर गेली तरी तिच्या पाठीवर कर्त्याचे नाव असे.

११/ या नावाचे मोल ओळखणारा सर्वांत यशस्वी भारतीय म्हणजे राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुरकीला शिक्षण, मग इंदुरास बांधकाम खात्यात नोकरी. सर लेपेल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ओळखीने त्यांना मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेण्याची संधी मिळाली. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले.

१२/ दीनदयाळ एका आश्रयदात्यावर विसंबून राहिले नाहीत. सिकंदराबादेस स्टुडिओ काढला. १८९२ साली हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज स्त्रीच्या हाती सोपवला. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात छायाचित्रे पाठवली. १८९६ मध्ये मुंबईत शाखा निघाली. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून त्यांना मान्यता मिळाली. राजाश्रय, प्रदर्शन आणि पेढी असे तिन्ही मार्ग त्यांनी एकाच वेळी चालवले.

१३/ विसाव्या शतकात वृत्तपत्रे आणि सचित्र साप्ताहिके हा नवा मध्यस्थ आला. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांची ओळख आहे. पण आरंभीच्या काळात त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. स्त्री, तीही अपरिचित, म्हणून तिचे नाव चालणार नाही, असा हिशेब त्यामागे होता.

१४/ १९४२ साली व्यारावाला दांपत्य दिल्लीस गेले. सत्तांतराच्या काळातील कितीतरी प्रसंग होमाईंनी टिपले. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यानंतर त्या दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्या. अभ्यासक सबीना गडिहोके यांचे त्यांच्यावरील पुस्तक २००६ मध्ये आले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले. जानेवारी २०१२ मध्ये निधन झाले. चित्रे लोकांच्या नजरेसमोर होती, नाव मात्र उशिरा परतले.

१५/ नाव पुसले जाण्यामागे केवळ अनास्था नव्हती, कायदाही होता. ब्रिटनचा १९११ चा कॉपीराइट कायदा १९१४ मध्ये हिंदुस्थानात लागू झाला. त्यानुसार, छायाचित्र टिपले गेले त्या वेळी निगेटिव्ह ज्याच्या मालकीचे, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. पेढीच्या मालकाने काच विकत घेतली असेल, तर कॅमेऱ्यामागे उभा असलेला नोकर कायद्याच्या दृष्टीने कर्ता ठरत नसे.

१६/ १९५७ च्या भारतीय कायद्याने ही व्याख्या बदलली. छायाचित्राचा कर्ता म्हणजे छायाचित्र घेणारी व्यक्ती, असे त्यात स्पष्ट झाले. मात्र कर्तेपण आणि मालकी या दोन निराळ्या गोष्टी राहिल्या. मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा असतो. मालकी गेली तरी ‘हे छायाचित्र माझे आहे’ असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. कलम ५७ त्यासाठीच आहे.

१७/ स्वातंत्र्यानंतर उद्योग आणि जाहिरातसंस्था हे मोठे गिऱ्हाईक झाले. लाहोरात जन्मलेले मित्तर बेदी मुंबईत स्थिरावले आणि पन्नासच्या दशकाअखेर औद्योगिक छायाचित्रणाकडे वळले. नव्या कारखान्यांची भव्यता त्यांच्या छायाचित्रांतून देशाला दिसली. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि दिनदर्शिका ही तेव्हाची प्रदर्शनेच होती. एका अहवालातील चित्र पाहून दुसरी कंपनी बोलावणे धाडी.

१८/ मराठी वाचकांना परिचित उदाहरण गौतम राजाध्यक्ष यांचे. १९७४ साली ते लिंटास या जाहिरातसंस्थेत रुजू झाले आणि तेथील छायाचित्र विभागाचे प्रमुख झाले. १९८७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ स्वतंत्र छायाचित्रण पत्करले. १९९७ चे ‘फेसेस’ आणि मराठीतील ‘चेहरे’ या पुस्तकांनी त्यांचे नाव छायाचित्रांइतकेच प्रसिद्ध केले. संस्थेच्या आतला माणूस बाहेर पडून स्वतःच्या नावावर काम मिळवू लागला.

१९/ त्याच १९८७ साली मुंबईत जगदीश अगरवाल यांनी ‘डिनोडिया’ ही छायाचित्र-पेढी सुरू केली. अनेक छायाचित्रकारांचे काम एका ठिकाणी, विषयवार लावून ठेवायचे आणि प्रकाशक व जाहिरातदारांना वापराचा परवाना शुल्क घेऊन द्यायचा, अशी तिची पद्धत. छायाचित्रकाराला दारोदार फिरावे न लागता त्याचे चित्र गिऱ्हाइकासमोर जावे, ही सोय येथे व्यवसाय म्हणून उभी राहिली.

२०/ शोधणाऱ्या मध्यस्थाची शक्ती पालघर जिल्ह्याने दुसऱ्या एका कलेतही पाहिली आहे. वारली लग्नातील चौक सुवासिनी भिंतीवर लिहीत. त्याखाली कोणाचेही नाव नसे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, कागद आणि रंग दिले, आणि जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर गेले. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायका अनामच राहिल्या. शोध लागतो तेव्हा सर्वांचा लागत नाही.

२१/ २००४ मध्ये फ्लिकर आणि २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले, तेव्हा मध्यस्थ संपला असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात तो केवळ बदलला. बर्लिनच्या ‘आयएम’ या मंचाने हौशी छायाचित्रकारांना थेट ब्रँडच्या कामाशी जोडण्याचा प्रयत्न केला. २०२३ मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि ‘फ्रीपिक’ने विकत घेतला. २०२४ मध्ये त्याच्या अटी बदलल्या : छायाचित्र काढून न टाकल्यास ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याचा परवाना मिळाला, असे धरले जाणार होते.

२२/ १८५६ चा अल्बम, १९११ चा कायदा आणि २०२४ च्या अटी यांतून एकच सूत्र दिसते. दार उघडून देणारा मध्यस्थ प्रत्येक काळात लागला, आणि प्रत्येक काळात नाव कोणाचे, हा निर्णय त्याच्याच हाती राहिला. ज्यांनी नाव प्रतिमेशी बांधून ठेवले, त्यांना पुढचे काम मिळाले : पुठ्ठ्याच्या पाठीवर, दरबारी सनदेत, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

२३/ आज पुठ्ठ्याची जागा फाइलने घेतली आहे. फाइलच्या आतच कर्त्याचे नाव, संपर्क, स्थळ आणि दिनांक नोंदवता येतो. मूळ फाइल जपणे म्हणजे काच जपणे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कायद्याप्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच. पहिल्याच कामाच्या आनंदात न वाचता सही करणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे.

२४/ आणि नाव केवळ छायाचित्रकाराचेच नव्हे. मोखाडा-जव्हारच्या पाड्यावर कॅमेरा नेणाऱ्याने समोरच्या माणसाला नाव विचारले, गावाचे नाव बरोबर लिहिले, तर एकोणिसाव्या शतकातील त्या खंडांनी चित्राखाली जी जागा रिकामी ठेवली, ती भरू लागेल. विहीगावचा धबधबा विहीगावचाच आहे, एवढे चित्राखाली लिहायला फार जागा लागत नाही.